पाच वर्तुळांच्या आत आणि बाहेर

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये हमखास भेटणारा एक प्रश्न आहे: ऑलिम्पिकच्या पाच वर्तुळांचे रंग कोणकोणते खंड दाखवतात? उत्तर पोरांना तोंडपाठ असतं. निळा युरोप, पिवळा आशिया, काळा आफ्रिका, हिरवा ऑस्ट्रेलिया, लाल अमेरिका. गुण पदरात पडतात, उत्तर मात्र चुकीचं आहे. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक बॅरन पिएर द कुबर्तिन यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह काढलं तेव्हा वर्तुळं पाच खंडांची होती, पण कोणता रंग कोणाचा अशी वाटणी त्यांनी केलीच नव्हती. हे पाच रंग आणि मागचा पांढरा एवढ्यांत त्या काळच्या सगळ्या देशांचे झेंडे रंगवता येतात, इतकाच त्यांचा हिशेब होता. स्वीडनचा निळा-पिवळा, ग्रीसचा निळा-पांढरा, फ्रान्स आणि बेल्जियमचे तिरंगी, जपान, चीन, ब्राझील, सगळे त्यात बसत होते. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्याच पुस्तिकेत रंग आणि खंड यांच्या जोड्या लागल्या, आणि कुबर्तिन यांच्या मनात तसं काही असल्याचा पुरावा नाही म्हणून समितीने १९५१ मध्ये त्या काढूनही टाकल्या. आपल्या गाइडांपर्यंत ती दुरुस्ती अजून पोचायची आहे.

त्यात कुणाचं फारसं बिघडलेलं नाही. पण त्या प्रश्नामागची समजूत मला खटकते. क्रीडास्पर्धांची चिन्हं म्हणजे जणू कोडी; त्यांची उत्तरं कुठेतरी लिहून ठेवलेली आहेत, ती पाठ केली की झालं. मशाल म्हणजे शांती, वर्तुळं म्हणजे मैत्री, शुभंकर वाघ असेल तर शौर्य. उद्घाटनाच्या रात्री समालोचकही हेच वाचून दाखवतात आणि आपण ऐकत बसतो. माझ्या मते चिन्हाचा अर्थ ते काढणाऱ्याच्या टिपणात शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते वापरायची मुभा कुणाला होती, मनाई कुणाला होती, आणि ज्यांना मनाई होती त्यांनी ते कसं ओढून घेतलं, हे पाहिलं की तो हाती लागतो. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. २०३६च्या ऑलिम्पिकसाठी आपण इच्छापत्र देऊन बसलो आहोत. आता बोधचिन्हांच्या स्पर्धा लागतील, घोषवाक्यं मागवली जातील, अनावरणाचे सोहळे होतील. त्याआधी हा इतिहास चाळलेला बरा.

'अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान' हे ब्रीद कुबर्तिन यांनी उसनं घेतलेलं. त्यांचे स्नेही आंरी दिदों हे डोमिनिकन धर्मगुरू पॅरिसजवळच्या आपल्या शाळेतल्या मुलांना हे तीन लॅटिन शब्द सांगत. १८९४ मध्ये ऑलिम्पिक समिती स्थापन झाली तेव्हा कुबर्तिन यांनी ते उचलले. 'जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं' हे त्यांच्या नावावर खपणारं वाक्यही मुळात त्यांचं नाही. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी पेन्सिल्व्हेनियाचे बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या प्रवचनात तो विचार मांडला. कुबर्तिन यांनी काही दिवसांनी मेजवानीच्या भाषणात बिशपांचं नाव घेऊनच तो सांगितला, पण कालांतराने बिशप गळाले आणि वाक्य बॅरनच्या खात्यावर जमा झालं.

बरं, भाग घेणं महत्त्वाचं. पण भाग घ्यायचा कुणी? खुद्द कुबर्तिन यांना बायकांचं ऑलिम्पिक रुचत नव्हतं. ते अव्यवहार्य आहे, बघायला बरं दिसत नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीच्या लीना राड्केने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. शर्यत संपल्यावर एक-दोघी गवतावर आडव्या झाल्या, जसे पुरुषही होतात. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कशा पटापट कोसळल्या याची रसभरीत वर्णनं छापली, आणि 'अधिक वेगवान' म्हणणाऱ्या समितीने बायकांची ८०० मीटर शर्यत थेट १९६०पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. ब्रीदवाक्य तेच होतं, वर्तुळंही तीच होती. बदल घडला तो ब्रीदाच्या अर्थाबद्दल समितीला साक्षात्कार झाल्यामुळे नव्हे. वगळलेल्या बायकांनी स्वतःच्या स्पर्धा भरवल्या, धावून दाखवलं, भांडल्या, म्हणून.

भाग घेण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या ७,००० रुपयांवर. बँटमवेट गटातलं त्यांचं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बिशपांच्या प्रवचनात भाडेखर्चाचा उल्लेख नव्हता.

मशालीची गोष्ट आणखी बोलकी आहे. प्राचीन ग्रीसमधून ज्योत पळवत आणायची परंपरा हजारो वर्षांची आहे असं अनेकांना वाटतं. १९२८ला ॲम्स्टरडॅमच्या स्टेडियमवर ज्योत पेटली खरी, पण ऑलिंपियाहून मशाल हातोहात नेण्याची कल्पना कार्ल डीम या जर्मन आयोजकाची, आणि ती पहिल्यांदा राबवली गेली हिटलरच्या बर्लिनमध्ये, १९३६ साली. मशाली बनवल्या क्रुप कंपनीने. तोफा बनवणारी हीच कंपनी. तीन हजारांवर धावपटूंनी ती ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया अशी बर्लिनला नेली, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आतच त्यातल्या प्रत्येक देशात जर्मन सैन्य पोचलं होतं. वाटेत डेल्फीच्या पुरातन स्टेडियमवरच्या समारंभासाठी एका दगडावर पाच वर्तुळं कोरून घेतली होती. समारंभ संपला, दगड तिथेच राहिला. काही वर्षांनी दोन अमेरिकी लेखकांना तो दिसला आणि पाच वर्तुळं प्राचीन ग्रीसपासून चालत आली आहेत असं त्यांनी पुस्तकात छापून टाकलं. परंपरा तयार व्हायला फार काळ लागत नाही हे आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडळांनाही ठाऊक आहे.

मग मशाल टाकून द्यायची का? १९४८ला लंडनने टाकली नाही. युद्धानंतरचं पहिलं ऑलिम्पिक, शहर अजून रेशनवर, ग्रीसमध्ये यादवी चालू. ऑलिंपियाला पहिला धावपटू होता दिमित्रेलिस नावाचा ग्रीक सैन्यातला कॉर्पोरल. तो गणवेशात पुढे आला, त्याने हत्यार खाली ठेवलं, लष्करी गणवेश उतरवला आणि धावण्याच्या कपड्यांत मशाल हातात घेतली. बारा वर्षांपूर्वी जी वस्तू नाझी प्रचारखात्याच्या कामाची होती, तिचा अर्थ त्या माणसाने कपडे बदलून फिरवला. 'ही सगळी नाटकं आहेत' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते इथे. नाटक आहे हे खरं, पण संहिता बदलता येते.

जे बदलता येतं ते बिघडवताही येतं. त्याचं उदाहरण आशियाई स्पर्धांचं आहे, आणि त्यात मध्यभागी एक भारतीय उभा आहे. गुरुदत्त सोंधी हे पंजाबातले शिक्षणक्षेत्रातले गृहस्थ, ऑलिम्पिक समितीचे दीर्घकाळ सदस्य. वसाहतवादातून नुकत्याच सुटलेल्या देशांनी एकत्र खेळावं ही धडपड ज्यांनी केली त्यांतले ते अग्रणी. १९५१ला दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली, अकरा देश आले. 'सदैव पुढे' हे तिचं ब्रीद सोंधींनीच दिलं. चिन्ह होतं तेजस्वी सूर्याचं. नेहरूंनी खेळ खेळाच्या वृत्तीने खेळा असा संदेश दिला. त्या काळच्या आशियाची सगळी उमेद या दोन-तीन गोष्टींत मावलेली दिसते.

अकरा वर्षांनी चौथी स्पर्धा जाकार्ताला भरली. इंडोनेशियाला चीनशी आणि अरब देशांशी संबंध सांभाळायचे होते, म्हणून तैवान आणि इस्रायलच्या खेळाडूंना व्हिसाच दिले नाहीत. सोंधी तेव्हा आशियाई महासंघाचे उपाध्यक्ष. ते म्हणाले, सदस्य देशांना दार बंद केलं असेल तर या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, तिचं नाव बदला. झालं, जाकार्तात त्यांच्याविरुद्ध आग भडकली. भारतीय वकिलातीवर जमावाने हल्ला केला, सोंधींना देश सोडून निघावं लागलं. 'सदैव पुढे' हे शब्द ज्याने दिले, त्यालाच त्या शब्दांच्या उत्सवातून मागच्या मागे बाहेर पडावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९६२ला, फुटबॉलचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. सेनायनचं अवाढव्य स्टेडियम गच्च भरलेलं आणि सगळं भारताच्या विरोधात. राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडवली गेली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या त्या संघातले खेळाडू पुढे सांगत की आपल्या बाजूने ओरडणारं कुणी होतं तर ते पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले, भारत २-१ने जिंकला. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आजवर आपल्याला मिळालेलं नाही.

गोष्ट इथे संपत नाही. ऑलिम्पिक समितीने १९६३च्या फेब्रुवारीत इंडोनेशियाला निलंबित केलं. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी उत्तर दिलं ते स्वतंत्र स्पर्धा भरवून. 'नव्याने उदयाला येणाऱ्या शक्तींचे खेळ' नोव्हेंबर १९६३ मध्ये जाकार्ताला झाले, नवं ब्रीदवाक्य घेऊन: 'पुढे चला, माघार नाही'. सोंधींच्या ब्रीदात धमकीचा सूर मिसळला की काय होतं ते या घोषणेत दिसतं. सुकार्नो उघड म्हणत की खेळ राजकारणापासून वेगळे करता येत नाहीत, तेव्हा उगाच सोंग कशाला?

मला या प्रकरणात दोन्ही बाजूंना थोडं थोडं द्यावंसं वाटतं. सुकार्नोंचं निदान बरोबर होतं. खेळाडूंना व्हिसा नाकारणं हा त्यांचा उपाय मात्र अन्याय होता, आणि सोंधी त्यावर बोट ठेवत होते. पण ऑलिम्पिक समिती ज्या सोवळ्यात 'खेळात राजकारण नको' म्हणत होती, ते सोवळंही तपासून बघण्यासारखं आहे. १९३६ला बर्लिनवर बहिष्कार घालू नये म्हणून अमेरिकेत ज्यांनी जिवाचं रान केलं ते एव्हरी ब्रंडेज १९६८ला ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते. मेक्सिको सिटीत २०० मीटरच्या पदक-चौथऱ्यावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, तेव्हा त्यांना संघातून हाकलायला लावणारे हेच ब्रंडेज. नाझी सलाम चालला होता, मूठ चालली नाही. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन यानेही मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला होता. मायदेशी त्यालाही उपेक्षाच सोसावी लागली. २००६ला तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस खांदा द्यायला गेले.

आपलाही एक प्रसंग याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. १५ ऑगस्ट १९३६, बर्लिन, हॉकीचा अंतिम सामना, समोर जर्मनी. मैदानावर भारताचा अधिकृत झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा. खेळाडू बाहेर पडण्याआधी व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा काढला आणि ध्यानचंद यांच्यासह सगळ्यांनी त्याला वंदन केलं. मग जाऊन ८-१ने सामना मारला. ते वंदन नियमात बसणारं होतं का? स्पर्धेच्या ठिकाणी राजकीय निदर्शनांना मनाई करणाऱ्या ऑलिम्पिक सनदेतल्या आजच्या नियम ५०च्या भाषेत तो राजकीय प्रकारच ठरला असता. बारा वर्षांनी वेम्बलीवर ब्रिटनला ४-०ने हरवल्यावर तोच तिरंगा, चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन, अधिकृतपणे वर चढला, आणि मग कुणालाच त्यात राजकारण दिसेना. कुठलं चिन्ह 'राजकीय' आणि कुठलं 'पवित्र' हे बहुतेक वेळा कोण सत्तेवर आहे यावरून ठरतं.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. १९८८च्या सोल पॅरालिम्पिकसाठी यजमान कोरियाने बोधचिन्ह तयार केलं. कोरियन परंपरेतले थेंबासारखे वळणदार आकार, पाच, ऑलिम्पिकच्याच रंगांत आणि तसेच वर तीन खाली दोन मांडलेले. अर्थ उघड होता: आम्हीही याच कुटुंबातले. पॅरालिम्पिकवाल्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या चळवळीचंच चिन्ह करून टाकलं. ऑलिम्पिक समितीला मात्र ते आपल्या वर्तुळांच्या फार जवळ जाणारं वाटलं. तिने हरकत घेतली. पत्रव्यवहार, बैठका, आणि अखेर १९९४ मध्ये पाचांतले दोन थेंब पुसले गेले. तीन उरले, मग त्या तिनांना साजेसं 'मन, शरीर, आत्मा' असं ब्रीद जोडलं गेलं. पुढे २००३ला तेही बदललं आणि आजच्या लाल, निळ्या, हिरव्या कमानी आल्या.

आज कुणी त्या तीन थेंबांचा अर्थ विचारला तर उत्तर मिळेल, मन, शरीर, आत्मा. पाठ करायला सोपं आहे. थेंब तीनच का, याचं खरं उत्तर मात्र हे की धाकट्याने थोरल्यासारखा सदरा घालू नये असं थोरल्याला वाटलं.

हा वागणुकीचा सूर जुनाच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विक्रमी वेळेत भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. कुठे? ऑलिम्पिक म्युनिकला झालं होतं, पण पेटकर पोहले हायडेलबर्गला. म्युनिकचं क्रीडाग्राम खाजगी सदनिकांसाठी रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून पॅरा खेळाडूंसाठी दुसरं गाव. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ला. सेहेचाळीस वर्षांनी. ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये आपल्या ब्रीदवाक्याला चौथा शब्द जोडला: 'एकत्र'. चांगलंच केलं. पण ज्यांना चौथा आणि पाचवा थेंब परत करावा लागला होता त्यांना तो शब्द वाचून काय वाटलं असेल?

चिन्हांच्या मालकीचा प्रश्न तसा कोरडा आहे, वकिलांचा. पण त्यातूनच सगळं चालतं म्हणून थोडक्यात. पाच वर्तुळांच्या संरक्षणासाठी १९८१चा नैरोबी करार आहे, भारतही त्यात आहे. १९८५पासून निवडक बड्या कंपन्यांना जगभर ती वर्तुळं वापरायचा हक्क विकला जातो. त्यामुळे इतरांवर पाळत ठेवावी लागते. लंडनच्या २०१२च्या स्पर्धेसाठी ब्रिटनने खास कायदा केला, आणि 'खेळ', '२०१२' असे साधे शब्द 'लंडन', 'उन्हाळा', 'सुवर्ण' अशा शब्दांशी जोडून जाहिरातीत वापरले तरी अडचण होईल अशी तजवीज केली. वेमथ या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे शिडाच्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या, एका खाटकाने दुकानाच्या पाटीवर पाच सॉसेजची वर्तुळं काढली होती. ती त्याला उतरवायला लावली.

याला एक उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. हक्कांच्या विक्रीतून येणारा बहुतेक पैसा समिती राष्ट्रीय संघटना, क्रीडा महासंघ आणि यजमान शहरांकडे वळवते; गरीब देशांचे खेळाडू त्या पैशावर विमानात बसतात. वर्तुळं मोकळी सोडली तर उद्या गुटख्याच्या पुडीवर दिसतील. मान्य. पण मग निवड कशी होते ते पाहा. १९८२ला सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी खेळाडूंनी आपल्या स्पर्धेच्या नावात ऑलिम्पिक शब्द घातला, तर अमेरिकी ऑलिम्पिक समितीने कोर्टातून तो थांबवला आणि १९८७ला सर्वोच्च न्यायालयातही समितीच जिंकली. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या स्पर्धेला तोच शब्द वापरायची परवानगी दिलेली होती. म्हणजे प्रश्न फक्त ब्रँड वाचवण्याचा नव्हता. कुणाला आपलं म्हणायचं, हा होता.

आणि कधीकधी त्याच समितीला दार उघडावंसंही वाटतं. २०१६ला रिओत दहा निर्वासित खेळाडूंचा संघ ऑलिम्पिकच्या ध्वजामागून चालला. २०२४ला पॅरिसमध्ये सिंडी न्गाम्बा या बॉक्सरने त्या संघाला पहिलं पदक मिळवून दिलं. ज्यांना स्वतःचा झेंडा उरला नाही त्यांच्यासाठी ते पांढरं कापड खरोखर काहीतरी होतं. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकला आपल्याही तिघांनी त्याचा आसरा घेतला, कारण भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या कारभारावरून समितीने तिला निलंबित केलं होतं. पदाधिकाऱ्यांच्या चुकांची शिक्षा म्हणून खेळाडूंचा तिरंगा गेला.

आता आपल्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत ऑलिम्पिक समितीचं १४१वं अधिवेशन झालं आणि उद्घाटनात पंतप्रधानांनी २०३६साठी भारत कसर ठेवणार नाही असं जाहीर केलं. पडद्यावर पाच वर्तुळं झळकत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवर कारवाई मागणाऱ्या मल्लांना दिल्लीच्या रस्त्यावरून फरपटत पोलिसांच्या गाड्यांत कोंबलं होतं. दोन दिवसांनी साक्षी मलिक, विनेश फोगट, बजरंग पुनिया आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. लोकांनी समजूत घातली म्हणून ती सोडली नाहीत. मल्लांशी झालेली वागणूक फार अस्वस्थ करणारी आहे असं निवेदन ऑलिम्पिक समितीने काढलं होतं. पाच महिन्यांनी तीच समिती आणि तेच सरकार मुंबईत एका मंचावर होते. मुंबईच्या झगमगाटात हरिद्वारचा विषय कुणी काढला नाही. २०२३ या साली भारतात वर्तुळांचा अर्थ काय होता, हे विचारलं तर मी मंचावरच्या पडद्याआधी हरिद्वारच्या त्या पदकांकडे बोट दाखवीन.

म्हणून यजमानपद नकोच, असं मी म्हणत नाही. राष्ट्रकुल स्पर्धेची एक बाजू मला मनापासून आवडते. १९३०ला 'ब्रिटिश साम्राज्य स्पर्धा' म्हणून जन्मलेली, राजाचा संदेश दंडुक्यात घालून देशोदेशी फिरवणारी ही स्पर्धा, पण २००२च्या मँचेस्टरपासून तिने पॅरा खेळाडूंना त्याच संघात, त्याच पदकतालिकेत घेतलं आहे. साम्राज्याच्या या वारसदाराला जे जमलं ते विश्वबंधुत्वाच्या ठेकेदारांना अजून जमलेलं नाही. पॅरिसने २०२४ला ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकला एकच बोधचिन्ह दिलं, एवढी तरी मजल गाठली. २०३६च्या आपल्या प्रस्तावात दोन्ही स्पर्धांची पदकतालिका एक असावी अशी मागणी करायला काय हरकत आहे? पेटकरांच्या देशाला ती शोभेल. खर्च शून्य, आणि फेटाळायची झाली तर ती कोणत्या तोंडाने फेटाळायची हा प्रश्न 'एकत्र' म्हणणाऱ्यांना पडेल. ब्रीदवाक्यांचा खरा उपयोग मला हा वाटतो: ती लिहिणाऱ्यांपुढे त्यांचंच लिखाण धरता येतं.

दुसरी मागणी घरच्यांकडे. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचा शुभंकर शेरा नावाचा वाघ होता आणि घोषवाक्य होतं 'बाहेर या, खेळा'. फेरीवाल्यांना आणि भिकाऱ्यांना त्याच काळात शहरातून हुसकावलं जात होतं. परदेशी पाहुण्यांच्या नजरेला झोपडपट्ट्या पडू नयेत म्हणून रस्त्यांच्या कडेला पडदे आणि फलक उभे केले गेले, त्यांवर स्पर्धेची रंगीबेरंगी चित्रं होती, हसरा शेराही होता. 'बाहेर या' म्हणणारा वाघ ज्यांच्या दारावर उभा होता त्यांनी आतच राहायचं होतं. अहमदाबादला २०२०च्या फेब्रुवारीत अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मोटेराच्या स्टेडियमवर येणार होते, तेव्हा विमानतळाकडच्या रस्त्यालगतच्या वस्तीसमोर भिंत बांधली गेली. २०३०ला पाहुणे याच शहरात येणार आहेत. नवा शुभंकर सिंह असो की आणखी कुणी, त्याच्या अनावरणाच्या दिवशी पत्रकारांनी त्याच्या डोळ्यांतल्या तेजाचा अर्थ विचारू नये; तो कुठे कुठे उभा करणार त्या जागांची यादी आयोजकांकडे मागावी, आणि त्यातली एकही जागा कुणाच्या घरापुढची नाही हे लेखी घ्यावं.